इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत धर्म आणि जीवनदृष्टी कशी शिकवावी?

पाटीपुस्तक (धागाकर्ती):

इंग्लंडमध्ये मुले वाढवणारे मराठी पालक मला नेहमी दोन प्रश्न विचारतात. शाळेच्या वेळापत्रकात 'आर.ई.' (रिलिजस एज्युकेशन, म्हणजे धर्मशिक्षण) असा जो तास असतो त्यात मुलांना नेमके काय शिकवतात, हा पहिला. आणि आमच्या मुलाला त्या तासाला बसवू नका असे सांगता येते का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात एका ओळीत आहे. पहिल्याचे उत्तर शाळेगणिक बदलते आणि पालकांनी खरे लक्ष तिथे घालायला हवे, असे माझे मत आहे. मी येथील एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते आणि या विषयाचे नियोजनही करते. त्यामुळे पुढचे विवेचन वर्गाच्या बाजूने केलेले आहे, धर्मशास्त्राच्या बाजूने नाही.

या विषयाची रचना चमत्कारिक का आहे, हे त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने लोकनियुक्त मंडळांच्या शाळांत कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाची खास प्रश्नोत्तरी शिकवण्यास मनाई केली. ती तडजोड ख्रिस्ती पंथांच्या आपापसांतल्या भांडणापायी झाली होती, इतर धर्मांचा विचार त्यात नव्हता. १९४४ च्या कायद्याने धर्मशिक्षण आणि रोजची सामूहिक उपासना सक्तीची केली, पण अभ्यासक्रम मंत्रालयाने न ठरवता प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने चर्चचे प्रतिनिधी आणि शिक्षक यांच्या सहमतीने ठरवावा असे म्हटले आणि मुलाला वगळण्याचा अधिकार पालकांना दिला. १९८८ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला तेव्हाही हा विषय त्याच्या बाहेरच राहिला. ग्रेट ब्रिटनमधील धार्मिक परंपरा प्रामुख्याने ख्रिस्ती आहेत हे अभ्यासक्रमात दिसावे आणि देशातील इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांचीही दखल घेतली जावी, असे त्या वर्षीच्या कायद्याने सांगितले. ख्रिस्ती धर्माच्या जोडीला बौद्ध, हिंदू, इस्लाम, यहुदी आणि शीख हे पाच धर्म आज जवळपास सगळीकडे शिकवले जातात, त्याचे मूळ या वाक्यात आहे. सरकारी निधीवर चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी एक तृतीयांशाहून अधिक शाळा मात्र अधिकृतपणे धार्मिक स्वरूपाच्या आहेत आणि त्यांतील अनेक शाळा आपापल्या परंपरेनुसार शिकवू शकतात. प्रवेशअर्ज भरताना हे तपासून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. सहा धर्म म्हटले की शाळा सहा खोकी तयार करतात आणि प्रत्येक खोक्यात तेच कप्पे ठेवतात: संस्थापक, पवित्र ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण, चिन्ह. हा साचा ख्रिस्ती धर्मावरून घेतलेला आहे. हिंदू परंपरेला संस्थापक नाही, म्हणून त्या कप्प्यात काहीतरी कोंबले जाते. यहुदी घरात शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, जेवण जितके महत्त्वाचे असते तितके महत्त्व त्या साच्यात केवळ सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, मिळते. आणि ज्या घरात कोणताच धर्म पाळला जात नाही त्या घरातल्या मुलाला खोकेच नसते. धर्मशिक्षण आयोगाने २०१८ च्या आपल्या अंतिम अहवालात विषयाचे नाव बदलून 'धर्म आणि जीवनदृष्टी' करावे असे सुचवले, त्यामागे हीच अडचण होती. धर्मांची यादी वाढवावी असा त्या सूचनेचा अर्थ लावला गेला तर ती वाया गेली असे मी म्हणेन. एकाच धर्माची दोन माणसे वेगवेगळ्या रीतीने कशी जगतात आणि कोणताही धर्म न मानणारा माणूसही काहीएक धरून कसा जगतो, हे मुलाला दिसावे, असा तिचा रोख आहे.

वर्गात हे फार साध्या ठिकाणी ठरते: शिक्षकाच्या वाक्याचा कर्ता कोण आहे यावर. "मुस्लिम दिवसातून पाच वेळा नमाज पढतात" हे वाक्य आणि "आपल्या वर्गाला पत्र पाठवणारे हे आजोबा पाच वेळा नमाज पढतात, त्यांची नात शनिवार-रविवारीच पढते, आणि दोघेही स्वतःला मुस्लिम म्हणवतात" हे वाक्य, यांत दुसरे लांबलचक असले तरी आठ वर्षांच्या मुलाला तेच अधिक कळते आणि तेच अधिक खरे असते.

आपले मत काय? विशेषतः ज्यांची मुले या शाळांत आहेत त्यांनी लिहावे.

साशंक:

विवेचन चांगले आहे, पण पायाच मला मान्य नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला शिक्षक जे सांगतील ते खरे वाटते. अशा वयात कोणी समुद्र दुभंगला, कोणी मेल्यानंतर उठला, कोणी जन्मताच सात पावले चालला, हे शाळेच्या फळ्यासमोर बसून ऐकवायचे आणि पाठीमागून "असे काही लोक मानतात" एवढे शेपूट जोडायचे, याला मी शिक्षण म्हणत नाही. त्या शेपटामुळे एक वाईट सवयही लागते. पृथ्वी गोल आहे हेही काहींचे मत आणि समुद्र दुभंगला हेही काहींचे मत, अशी सगळी विधाने एका रांगेत उभी राहतात. नीती शिकवायची असेल तर नीती शिकवावी, त्यासाठी धर्माचा वळसा घेऊ नये. उरलेले मुले मोठी झाल्यावर इतिहासाच्या तासाला शिकतील.

पाटीपुस्तक:

साशंक, "काही लोक मानतात" हे शेपूट सगळीकडे लावणे चुकीचे आहे, याबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. मात्र विषयच काढून टाकल्याने प्रश्न सुटतो असे वाटत नाही, कारण प्रश्न शाळेने निर्माण केलेला नसतो. वर्गात एक मूल रमजानमध्ये मधल्या सुट्टीत अर्धाच दिवस उपास करून बसलेले असते, दुसरे वाढदिवस साजरा करत नाही, तिसऱ्याची आजी नुकतीच वारलेली असते आणि ती कुठे गेली याची दोन वेगवेगळी उत्तरे त्याला घरातच मिळालेली असतात. मुले एकमेकांना विचारतातच. प्रौढ माणसाने त्या बोलण्याला वळण द्यायचे की नाही, एवढेच आपल्या हातात असते.

खरे-खोट्याचा प्रश्न टाळू नये असे मला वाटते. इस्टरच्या पाठाला सात वर्षांचे मूल हमखास विचारते, "खरंच झालं का हे?" या प्रश्नावर गप्प बसणारा शिक्षक मुलाला शिकवतो की हा प्रश्न विचारायचा नसतो, आणि ती शिकवण सर्वांत वाईट. मी त्या प्रश्नाचे तुकडे करते. येशू नावाचा माणूस होता का, त्याला रोमन अधिकाऱ्यांनी मृत्युदंड दिला का, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि इतिहासकार त्याचे उत्तर पुराव्याने देतात. बहुतेकांचे उत्तर होकारार्थी आहे. मेलेला माणूस पुन्हा जिवंत होऊ शकतो का, यावर डॉक्टर काय म्हणतील हे मुलांनाच माहीत असते आणि ती ते मोकळेपणाने सांगतात. मग तिसरा प्रश्न: तरीही ख्रिस्ती माणूस या गोष्टीवर आपले आयुष्य का उभारतो, आणि ती अक्षरशः घडली असे सगळेच ख्रिस्ती मानतात का? हा तिसरा प्रश्न या विषयाचा स्वतःचा आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे तो खोडत नाही, त्यामुळे पृथ्वीचा गोलपणा कोणाच्या मतावर सोडण्याची वेळ येत नाही.

शाळा-तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने २०२१ च्या आपल्या संशोधन आढाव्यात जवळपास असाच भेद केला आहे: धर्मांविषयीचे प्रत्यक्ष ज्ञान, ते ज्ञान कोणत्या मार्गाने मिळते याचे ज्ञान, आणि मुलाची स्वतःची भूमिका कुठून आली याचे भान. दुसरा भाग प्राथमिक शाळांत जवळपास नसतोच. तुमची तक्रार मला त्या उणिवेविषयीची वाटते.

दूरदेशी:

मी पालक म्हणून लिहितो. माझ्या मुलाला दिवाळी पहिल्याच वर्षी शिकवली, मग दोन वर्षांनी, आणि आता पुन्हा. प्रत्येक वेळी तीच कथा: राम वनवासातून अयोध्येला परतला, लोकांनी दिवे लावले, आता मातीची पणती करू या. आमच्या घरी दिवाळी म्हणजे नरकचतुर्दशीचे पहाटेचे अभ्यंगस्नान, बलिप्रतिपदा, भाऊबीज आणि मुलाने खोक्यांचा केलेला किल्ला. त्याने वर्गात सांगितले की आमच्याकडे नरकासुराची गोष्ट असते. त्यावर शिक्षिका प्रेमाने म्हणाल्या की ती वेगळी गोष्ट असेल, आपण दिवाळीबद्दल बोलतो आहोत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या हातातल्या कागदावर एकच गोष्ट होती.

दुसरी अडचण अशी की वर्गात तो एकटाच हिंदू असल्याने हिंदू धर्माविषयीचा प्रत्येक प्रश्न त्याच्याकडे जातो. तुम्ही गाय का पूजता, तुमचे देव इतके का, पुढच्या जन्मी तू कोण होणार? नऊ वर्षांचे मूल काय सांगणार? तो घरी येऊन मला विचारतो, आणि खरे सांगायचे तर यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे मलाही द्यायची नसतात.

पाटीपुस्तक:

मुलाला धर्माचा प्रवक्ता करू नये, हा आमच्या शाळेत मी घालून दिलेला पहिला नियम आहे. मूल आपणहून बोलले तर ऐकावे, पण त्याच्याकडे वळून "तुमच्यात कसे असते?" असे शिक्षकाने विचारू नये. पत्रे, चित्रफिती, पाहुणे यांतून मोठ्या माणसांचे आवाज वर्गात आणावेत, आणि एकाच परंपरेतले किमान दोन आणावेत.

तुमचे दिवाळीचे उदाहरण तर पाठ म्हणूनच वापरण्याजोगे आहे. त्याच दिवसांत शीख लोक गुरू हरगोविंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील कैदेतून सुटल्याचे स्मरण करतात आणि जैन महावीरांच्या निर्वाणाचे. हिंदूंमध्येही रामाची, कृष्ण-नरकासुराची, बळीची आणि लक्ष्मीची अशा वेगवेगळ्या कथा वेगवेगळ्या प्रदेशांत मुख्य मानल्या जातात. लहान गटात एक कथा सांगावी. पुढच्या इयत्तेत तीच पणती पुन्हा करण्याऐवजी "दिवे एकच, कारणे इतकी का?" असे विचारावे. मग पुनरावृत्तीची तक्रार उरत नाही. ऑफस्टेडने एप्रिल २०२४ च्या अहवालात नोंदवलेच आहे की पुष्कळ धर्म उरकू पाहणाऱ्या शाळांत मुलांच्या लक्षात फार थोडे राहते.

धम्मपथिक:

दूरदेशी यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. बौद्ध धर्माचा जो पाठ माझ्या मुलीच्या शाळेत झाला त्यात ध्यानस्थ मूर्ती, भगव्या वस्त्रांतले थाई भिक्खू आणि राजवाडा सोडून गेलेल्या राजपुत्राची गोष्ट होती: वृद्ध, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले. आमचे घराणे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेल्यांपैकी आहे. बाबासाहेबांनी ही चार दृश्यांची कथा नाकारली होती. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत एखाद्या माणसाला म्हातारा, आजारी किंवा मृत मनुष्य दिसलाच नसेल हे त्यांना पटण्यासारखे वाटले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात वाद पेटला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावे लागले, अशी मांडणी त्यांनी केली.

माझ्या मुलीला ही दुसरी गोष्ट माहीत होती. तिने ती वर्गात सांगितली नाही, कारण फळ्यावरची गोष्टच खरी आणि आपली चुकीची, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. साशंक यांना मी एवढेच विचारीन की बुद्धिप्रामाण्याचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळेल? एका परंपरेने आपल्याच संस्थापकाची कथा तपासून पाहिली आणि बदलली, हे दहा वर्षांच्या मुलाला पूर्णपणे समजते. पाणी कोणाचे यावरून भांडण होते हे तर सहा वर्षांच्या मुलालाही समजते. धागाकर्तीच्या सहा खोक्यांच्या तक्रारीत मी एवढीच भर घालतो की खोक्यावरच्या चित्रात आम्ही नाहीच.

साशंक:

धम्मपथिक, हा प्रतिसाद वाचून माझा विरोध थोडा सरकला, हे मान्य करतो. असे दोन्ही पाठ शेजारी ठेवले जात असतील तर मला आक्षेप नाही. माझी शंका अशी आहे की शाळा तसे करणार नाहीत, कारण धर्माची टीका शाळेत कोणालाच नको असते. जातीचा उल्लेख हिंदू धर्माच्या पाठात असतो का? स्त्रियांना गाभाऱ्यात, वेदीवर किंवा पुढच्या रांगेत जागा का नव्हती, हे सांगितले जाते का? की सगळे धर्म प्रेम शिकवतात, असे म्हणून सगळे गोड करून टाकले जाते?

पाटीपुस्तक:

बहुतेक ठिकाणी गोड करून टाकले जाते, हे खरे आहे. शेवटच्या दोन इयत्तांत मात्र ते करू नये आणि करण्याची गरजही नसते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना धर्मगुरू म्हणून १९९४ मध्ये प्रथम दीक्षा मिळाली आणि पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये झाली. रोमन कॅथलिक चर्चमध्ये दोन्ही आजही होत नाही. दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात. दहा-अकरा वर्षांची मुले हा वाद मोठ्या चवीने समजून घेतात आणि त्यासाठी शिक्षकाला कोणत्याही धर्माला नावे ठेवावी लागत नाहीत, कारण त्या धर्माच्या आतलीच माणसे आपसांत वाद घालत असतात. जातीबद्दलही तसेच शिकवता येईल, पण त्यासाठी शिक्षकाचे वाचन लागते. येथील प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणात या विषयाच्या वाट्याला मोजकेच तास येतात, आणि पुष्कळ शाळांत वर्गशिक्षक नियोजनासाठी मोकळे असतात त्या वेळी हा तास दुसऱ्याच कोणाकडे सोपवला जातो. अर्धवट माहितीने जात शिकवण्यापेक्षा न शिकवलेली बरी, असे मला वाटते. यावर मतभेद होऊ शकतो.

नेमस्त:

माझा प्रतिसाद बहुधा कोणाला आवडणार नाही. आम्ही श्रद्धाळू आहोत. ईश्वर आहे हे आमच्या घरात 'काहींचे मत' नाही, आमचा दिवस त्यावर उभा आहे. शाळेत आठवडाभर सगळ्यांच्या श्रद्धा एका पातळीवर मांडल्या की मुलाला नकळत शिकवण मिळते: यांतली कोणतीही घे किंवा कोणतीच घेऊ नकोस, सारखेच. ही तटस्थता नाही. ही स्वतःच एक जीवनदृष्टी आहे, आणि ती मात्र कोणत्याही पाठात नाव घेऊन शिकवली जात नाही. म्हणून मी वगळण्याचा अर्ज देण्याच्या विचारात आहे. कायदा काय म्हणतो ते कोणी सांगेल का?

कलमदान:

इंग्लंडपुरते सांगतो. विद्यार्थ्याला या विषयातून आणि सामूहिक उपासनेतून, दोन्हींतून किंवा कोणत्याही एकातून, पूर्णपणे किंवा अंशतः वगळण्याचा अधिकार पालकांना आहे. कारण देण्याचे बंधन नाही आणि मुख्याध्यापकांना नकार देता येत नाही. शाळेने मुलावर लक्ष ठेवायचे असते, पर्यायी शिक्षण देण्याची जबाबदारी तिच्यावर नसते. इतिहासाच्या पाठात आठव्या हेन्रीचा रोमशी झालेला काडीमोड आला किंवा चित्रकलेत इस्लामी नक्षी आली तर तिथे हा अधिकार चालत नाही. उपासना आणि हा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालक विसरतात. सकाळच्या सभेतील उपासना कायद्याने मुख्यत्वे व्यापक अर्थाने ख्रिस्ती स्वरूपाची असायला हवी, तर या तासाने कोणत्याही धर्माची दीक्षा देऊ नये अशी अपेक्षा आहे. अनेकांचा आक्षेप पहिलीला असतो आणि अर्ज मात्र ते दुसऱ्यातून वगळण्यासाठी करतात.

ही पद्धत टिकणार का, हा वेगळा प्रश्न. वेल्सने २०२२ पासून लागू केलेल्या नव्या अभ्यासक्रमात विषयाचे नाव 'धर्म, मूल्ये आणि नीती' असे केले आणि वगळण्याचा अधिकार काढून टाकला. विषय सर्वांसाठी आहे, तो बहुविध दृष्टीने शिकवला जाणार आहे, मग बाहेर कशासाठी जायचे, असा युक्तिवाद त्यामागे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये नेमकी उलट स्थिती होती. तेथील मूळ अभ्यासक्रम चार मोठ्या ख्रिस्ती चर्चनी मिळून तयार केलेला होता. बेलफास्टच्या एका प्राथमिक शाळेतील मुलीच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्णय दिला की हे शिक्षण वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि बहुविध नाही, आणि वगळण्याची मुभा असल्याने तो दोष झाकला जात नाही. कारण ती मुभा वापरताना लहान मूल वेगळे पडते आणि त्याचा भार कुटुंबावर येतो.

ही तीन विशेषणे न्यायालयाने नव्याने शोधलेली नाहीत. युरोपीय मानवी हक्क न्यायालय १९७६ पासून तीच कसोटी लावत आले आहे. नॉर्वेने १९९७ मध्ये ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि जीवनदृष्टी असा एकत्रित विषय सर्व मुलांना सक्तीचा केला आणि अंशतः सवलत ठेवली, तेव्हा मानवतावादी (ईश्वर न मानता मानवी मूल्यांवर जगणारे) पालक त्या न्यायालयात गेले आणि २००७ मध्ये नऊ विरुद्ध आठ मतांनी जिंकले. आठ न्यायाधीशांना त्या विषयात गैर काही दिसले नव्हते, हे लक्षात घेतले तर सीमारेषा किती बारीक आहे हे कळते. नेमस्त, तुमचा युक्तिवाद या निकालांच्या भाषेत बसवायचा तर तुम्हाला शाळा वस्तुनिष्ठ नाही असे दाखवावे लागेल. ती सगळ्यांना समान वागवते ही तक्रार तिथे टिकणार नाही.

चिमणपाखरे:

मी चार ते सात वर्षांच्या मुलांना शिकवते. नेमस्त यांची भीती मला समजते, पण या वयात मुले श्रद्धांची तुलना करतच नाहीत; ती माणसे पाहतात. अमकी आपल्या घरी शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावते, तमक्याचे वडील पगडी बांधतात आणि ती बांधायला इतका वेळ लागतो, हेच त्यांना महत्त्वाचे वाटते. कोणते बरोबर, असा प्रश्न आला तर मी सांगते की यावर मोठी माणसेही एकमत नाहीत आणि तुझ्या घरी काय मानतात ते तू आईबाबांना विचार. यात घराचा अधिकार कमी होत नाही.

मात्र वर्गात देवपूजेचे ताट आणून सगळ्यांना ओवाळायला लावणे, किंवा सगळ्यांना नमाजाच्या चटईवर वाकायला लावणे, असे प्रकार मी करत नाही. वस्तू पाहावी, हातात घ्यावी, विचारावे. कृती करून दाखवण्याचे काम ती मानणाऱ्या पाहुण्यांचे. कोणत्याही घराला आपल्या मुलाकडून उपासना करवून घेतली असे वाटू नये. वेळेबद्दलही सांगते: १९९० च्या दशकातील मार्गदर्शनात या गटासाठी वर्षाला ३६ तास आणि मोठ्या गटासाठी ४५ तास सुचवले होते, पण कायद्यात तासांचे बंधन नाही. डिसेंबरमध्ये नाताळच्या नाटकाची तालीम हाच विषयाचा तास धरला जातो.

गणिती:

एक मुद्दा सुटतो आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ४६.२ टक्के लोकांनी ख्रिस्ती असे लिहिले, ३७.२ टक्के लोकांनी कोणताही धर्म नाही असे लिहिले, ६.५ टक्के मुस्लिम आणि १.७ टक्के हिंदू होते. म्हणजे दुसरा सर्वांत मोठा गट निधर्मी आहे, आणि त्याच्यासाठी शाळा 'मानवतावाद' नावाचे सातवे खोके आणतात. कोणताच धर्म न लिहिणारे सगळे मानवतावादी नसतात. कोणी नशीब मानते, कोणी अंत्यविधी चर्चमध्येच करते, कोणाला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. ज्या घरात याविषयी बोलणेच होत नाही, त्या घरातल्या मुलाला 'तुझी जीवनदृष्टी काय?' असे विचारले तर ते गोंधळते. त्याच्यासाठी पाठ कसा असावा, हे मला कोणत्याच अभ्यासक्रमात नीट दिसलेले नाही.

पाटीपुस्तक:

गणिती, याचे पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. मी मोठ्या तत्त्वांऐवजी प्रसंगांवरून सुरुवात करते: नवे बाळ आले की तुमच्या घरी काय करतात, कोणी वारले की काय करतात, वचन मोडले तर काय होते. निधर्मी घरातली मुले यावर भरपूर बोलतात आणि आपल्या घरातही काही ठाम समजुती आहेत हे त्यांच्या लक्षात येते. मग नेमस्त यांच्या घरातले मूल आणि हे मूल एकाच पाठात बसू शकतात. नेमस्त यांचा आक्षेप, की तटस्थतेलाही स्वतःची दृष्टी असते, मला योग्य वाटतो; म्हणून सहावीच्या वर्गात मी तो प्रश्नच मुलांपुढे ठेवते, की शाळेला स्वतःची जीवनदृष्टी आहे का? मुले गणवेश, सभा आणि भिंतीवरच्या मूल्यांच्या तक्त्यापासून सुरुवात करतात आणि बरेच काही शोधून काढतात.

दूरदेशी:

भारतात वाढलेल्या आपल्या पिढीला हे सगळे परके वाटते, त्याचे एक कारण राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. २००२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी अभ्यास करणे आणि धर्माची दीक्षा देणे यांत फरक केला खरा, पण आपण शाळेत पहिला प्रकार क्वचितच पाहिला. त्यामुळे येथे आल्यावर आपण दोहोंना एकच समजतो. माझा व्यावहारिक प्रश्न असा की दिवाळीचा तो एकाच कथेचा कागद बदलायचा तर कोणाला गाठायचे?

कलमदान:

प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला या विषयासाठी 'सॅक्रे' नावाने ओळखले जाणारे स्थायी सल्लागार मंडळ नेमावेच लागते. त्यात चार गट असतात: इतर ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म, चर्च ऑफ इंग्लंड, शिक्षक संघटना आणि प्राधिकरणाचे प्रतिनिधी. केंट परगण्याने एका मानवतावादी व्यक्तीला पहिल्या गटात घेण्यास नकार दिला, तो २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. स्थानिक अभ्यासक्रमाचा दर पाच वर्षांनी फेरविचार होतो आणि तो या गटांच्या एकमताने ठरतो. मंडळाच्या बैठकांना सामान्य नागरिकाला बसता येते. हिंदू आणि बौद्ध प्रतिनिधींच्या जागा अनेक ठिकाणी रिकाम्या असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासक्रम पुनरावलोकनाच्या अहवालाने हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणण्याची दिशा सुचवली आहे. कायदा बदलेपर्यंत स्थानिक अभ्यासक्रमच लागू राहील.

धम्मपथिक:

म्हणजे रोहिणीची कथा आत आणायची तर मंडळाकडे जावे?

पाटीपुस्तक:

तिथे जरूर जावे, पण त्याआधी शाळेत जावे. स्थानिक अभ्यासक्रमात सहसा "बौद्धांसाठी बुद्धाचे जीवन का महत्त्वाचे आहे?" अशा स्वरूपाचा प्रश्न दिलेला असतो, त्याखाली कोणती कथा सांगायची हे शाळा ठरवते. विषयाचे नियोजन करणाऱ्या शिक्षकाला सत्र सुरू होण्याच्या काही आठवडे आधी लिहावे. पानभर मजकूर, मुलांना वाचता येईल अशा सोप्या इंग्रजीत, दोन्ही कथा शेजारी ठेवून द्यावा आणि शक्य असल्यास वर्गात येऊन बोलण्याची तयारी दाखवावी. तयार मजकूर हाती आला तर बहुतेक शिक्षक तो आनंदाने घेतात, कारण त्यांच्याकडे तो नसतो. तुम्ही लिहिलात तर मलाही पाठवा. आमच्या पाचवीच्या वर्गाचा बौद्ध धर्माचा पाठ उन्हाळी सत्रात आहे.